सतरा नंबरची काच

बुधवारी सकाळी साडेदहाला वैजयंती पोतदारने चहाचा कप बाजूला सारला आणि आठवड्याचा नजर-अहवाल उघडला. धामणगडच्या घड्याळ संग्रहालयात ती अभिलेखपाल होती. हा अहवाल उघडण्याचा अधिकार तिच्याशिवाय फक्त संचालक डॉ. शेवडे यांना होता. एरवी त्यात बघण्यासारखं काही नसायचं. चारशे-पाचशे हिरव्या ओळी असायच्या. मुलांनी कोकिळेचं घड्याळ बघितलं, म्हाताऱ्यांनी राजेसाहेबांची तसबीर बघितली, संपलं. आज मात्र सगळ्यांत वर एक लाल ओळ होती. हेतू-अंक सत्त्याऐंशी.

ऐंशीच्या वरच्या अंकामागचं नाव उघडून बघणं तिला सक्तीचं होतं. तिने ओळीवर बोट टेकवलं. धनंजय विठ्ठल पोतदार. तिचा सख्खा, धाकटा भाऊ.

वैजयंतीने आधी उठून दार लावलं आणि मग ते नाव पुन्हा वाचलं. पुन्हा वाचल्याने नाव बदलत नाही हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण माणूस वाचतोच.

धनंजय या संग्रहालयाला परका नव्हता. इथल्या त्रेचाळीस घड्याळांना चावी देणारा, त्यांचं तेलपाणी बघणारा, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारा माणूस तोच. आणि अहवाल सांगत होता की गेल्या महिन्याभरात त्याने घरी बसून, ब्राउझरमध्ये, तिसऱ्या दालनातलं सतरा नंबरचं घड्याळ एकसष्ट वेळा बघितलं होतं. प्रत्येक वेळी अगदी जवळ जाऊन. प्रत्येक वेळी एकाच जागी, काचेच्या दाराच्या उजव्या कोपऱ्यात, कडीच्या आसपास. जे घड्याळ दर आठवड्याला हाताखालून जातं, ते हा माणूस घरी बसून कशाला बघतो? सतरा नंबरच्या पोटात, त्या काचेमागे, राणीसाहेबांचं हिऱ्यांचं छोटं घड्याळ टांगलेलं होतं. संग्रहालयात चोरण्यासारखं खरं म्हणजे तेवढंच होतं.

ही हेतू-अंकाची भानगड काय होती, ते आधी सांगायला हवं. चारही बाजू, वरचं छत, खालची फरशी असा सगळा गोल टिपलेला फोटो म्हणजे आतून रंगवलेला चेंडू समजा. बघणारा त्या चेंडूच्या मधोमध उभा. बोटाने चित्र सरकवलं की मान वळते, चिमटीने मोठं केलं की आपण पुढे गेल्यासारखं वाटतं. पण अख्खा चेंडू एका दमात फोनवर उतरवायचा तर फोनचं कंबरडं मोडेल. म्हणून त्याचे लाखो चौकोनी तुकडे करून, प्रत्येकाला नंबर देऊन ठेवतात. तुम्ही जिकडे वळाल तिकडचेच तुकडे ब्राउझर मागवतो, आणि जितकं जवळ जाल तितके बारीक तुकडे मागवतो. यात हेरगिरी कसलीच नव्हती, निव्वळ सोय होती. फक्त कोणी कुठला तुकडा कधी मागवला याची यादी पलीकडच्या यंत्रात आपोआप राहायची. कितीतरी वर्षं त्या यादीकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

मग घरं, दुकानं, देवळं, सगळंच अशा फोटोंत फिरून बघता यायला लागलं आणि चोरांचीही पायपीट वाचली. पकडलेल्या चोरांच्या याद्या चाळताना संशोधकांना दिसलं की साधी माणसं झुंबराकडे बघतात आणि चोर बिजागरीकडे. त्यावरून एक गणित बसवलं गेलं. तुमचं बघणं गर्दीच्या बघण्यापासून किती वेगळं आहे आणि जुन्या चोरांच्या बघण्याशी किती जुळतं, हे तोलून शंभरपैकी एक आकडा काढायचा. विमा कंपन्यांनी हे गणित डोक्यावर घेतलं. २०३७ सालापर्यंत नियमच झाला होता. अंक ऐंशीच्या वर गेला की सात दिवसांत कारवाई, नाहीतर विमा रद्द. चोरी होईपर्यंत थांबायचं कारणच उरलं नव्हतं.

वैजयंतीचा या गणितावर विश्वास होता. भावावर होता का, हे तिने त्या सकाळी स्वतःला विचारलं आणि तिला आठवला तो तांदळाचा डबा. धनंजय नऊ वर्षांचा असताना त्याने वडिलांचं गजराचं घड्याळ उघडून बघितलं, ते परत जुळेना, म्हणून सगळी चक्रं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. तीन महिने घरात शोधाशोध झाली, वडिलांनी मार दिला, पण पठ्ठ्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. शेवटी भातात स्प्रिंग आली तेव्हा उलगडा झाला. पोटात ठेवायचं म्हटलं की धनूइतकं कोणाला जमत नव्हतं.

गुरुवारी संग्रहालय बंद असायचं, कारण तो चावीचा वार. त्रेचाळीस घड्याळांना एका दिवसात चावी द्यायची ही संस्थानच्या काळापासूनची रीत. धनंजयच्या आधी सव्वीस वर्षं हे काम त्यांच्या आईने, शकुंतलाबाईंनी केलं होतं. हात थरथरायला लागले तेव्हा किल्ल्या मुलाकडे आल्या. ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली होती.

वैजयंती कधी नव्हे ती गुरुवारी तिसऱ्या दालनात गेली. धनंजय सतरा नंबरसमोर स्टुलावर उभा राहून चावी फिरवत होता आणि आईसारखेच फेरे तोंडाने मोजत होता.

"काय गं ताई, आज इकडं कुठं?"

"सहज. हे मागं पडतंय म्हणे."

"कोण म्हणालं? उलट आठवड्याला दोन मिनिटं पुढं पळतंय. सात, आठ..."

"घरी गेल्यावर पण घड्याळंच बघत असशील तू. फोनवर वगैरे."

धनंजयचा हात थांबला. "घरी कशाला बघू? इथं काय कमी आहेत?" मग तो चावीकडे बघत राहिला. "आठ झाले होते का नऊ?"

फेरे चुकलेला धनू तिने जन्मात बघितला नव्हता. आणि तो खोटं बोलला होता, तिच्या तोंडावर.

तो तेलाचे हात धुवायला गेला तेव्हा त्याची हत्यारांची पिशवी स्टुलाशेजारी उघडी होती. पक्कड, तेलाची कुपी, भिंग, आणि एक गुंडाळलेला आलेखाचा कागद. तिने कागद वीतभर उलगडला. बारीक चौकोन, प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने लिहिलेले आकडे, आणि त्यांवरून गेलेल्या वाकड्या रेघा. कुलपाचा आराखडा असाच असेल, नाही का? मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते काही उगाच नाही. तिने पटकन कागदाचा फोटो काढला आणि गुंडाळी होती तशी ठेवून दिली.

शुक्रवारी सकाळी तिने अहवाल आणि फोटो दोन्ही डॉ. शेवड्यांसमोर ठेवले. शेवडे निवृत्तीला आलेले, मऊ स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"धनंजयला विचारलंत का तुम्ही?"

"विचारून तो सांगणार आहे थोडाच? आणि मी विचारलं, तर बहिणीने भावाला सावध केलं असं म्हणतील."

"तरी पण, पोतदारबाई..."

"सर, नियम सगळ्यांना सारखा हवा. माझ्या भावाला वेगळा कसा?"

हे बोलताना तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. अहवाल विमा कंपनीकडे गेला, आणि दुपारी बारा वाजता तिकीट खिडकीजवळ, चार कर्मचाऱ्यांच्या देखत, धनंजयला निलंबनाचं पत्र दिलं. त्याने ते उभ्याउभ्या वाचलं, कमरेचा जुडगा सोडवून टेबलावर ठेवला आणि पायऱ्यांपर्यंत गेला. तिथून वळून म्हणाला, "विचारायचंस तरी, ताई."

बस, इतकंच. ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

वैजयंतीचा डबा त्या दुपारी तसाच राहिला. विमा कंपनीचा अर्ज भरायचा होता आणि त्यात एक रकाना होता, 'संशयिताकडे सापडलेल्या कागदाचे वर्णन'. तिने फोटो मोठा करून आकडे वाचायला घेतले. सात, एक्क्याण्णव, चाळीस. सात, एक्क्याण्णव, एक्केचाळीस. सात, ब्याण्णव, चाळीस.

हे कुलपाचे आकडे नव्हते. दालनांची चित्रं बनली तेव्हापासून, दोन वर्षांहून जास्त, ती स्वतः हेच आकडे टंकत आली होती. पहिला आकडा किती जवळून त्याचा, दुसरा स्तंभाचा, तिसरा ओळीचा. कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे चित्राचा एकेक तुकडा होता. जगातल्या कोणाही पोलिसाला हे कळायला आठवडा लागला असता. तिला मात्र काल, तो कागद हातात असतानाच कळायला हवं होतं.

तिने ब्राउझरमध्ये तिसरं दालन उघडलं, सतरा नंबरकडे वळली आणि सातव्या पातळीपर्यंत जवळ गेली. पितळी कडी. दोन स्क्रू. लाकडावरची धूळ. मग तिने कागदाच्या फोटोकडे बघितलं. त्याच चौकोनांत धनंजयने कडी काढलीच नव्हती. तिथे पदराची चुणी होती. मनगट होतं. दोन बांगड्या होत्या. बोटांत धरलेली एक चावी होती.

दुकानाच्या काचेतून माल बघता बघता एकदम पाठीमागचा रस्ता दिसायला लागतो, तसं तिचं झालं. कडी होती तिथेच राहिली आणि काचेत दुसरंच काही उभं राहिलं. समोरच्या आतल्या खोलीचं अर्धं उघडं दार. दाराच्या फळीमागची सांदट. आणि त्या सांदटीत, पदराचं टोक दातात धरून उभी असलेली आई.

वैजयंतीने दोन्ही हात तोंडावर धरले.

शकुंतलाबाईंना फोटोचं भारी वावडं होतं. कोणी फोन उचलला की पदर चेहऱ्यावर यायचा. ती गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटो सापडेना, म्हणून शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून त्याला हार घातला. त्यात आई चिडलेली आहे आणि तिचा एक डोळा निम्मा मिटलेला आहे. दोन वर्षं ती तशीच भिंतीवरून सगळ्यांवर चिडून बघत होती.

आणि ज्या दिवशी दालनांचे फोटो काढले तो गुरुवार होता. किल्ल्या मुलाकडे गेल्या तरी आई सवयीने एक चावी हातात घेऊन येऊन बसली होती. असल्या गोल फोटोत कॅमेऱ्यामागे उभं राहणं अशी सोयच नसते, कॅमेऱ्याला सगळीकडून डोळे. म्हणून वैजयंतीने साऱ्यांना बाहेर हाकललं होतं आणि स्वतः व्हरांड्यातल्या खांबाआड उभी राहून ओरडली होती, "आई, बाजूला हो! फोटोत येतेस." आई बिचारी दारामागे जाऊन उभी राहिली. नंतर चित्र तपासताना वैजयंतीला एका पहारेकऱ्याचं कोपर सापडलं, कोणाची तरी चप्पल सापडली, ते सगळं तिने पुसून टाकलं. चित्रात माणूस दिसता कामा नये, दिसला तर चोवीस तासांत पुसायचा, असा नियम होता. सतरा नंबरची काच मात्र तिच्या नजरेतून सुटली. चार महिन्यांनी आई गेली.

पाच वाजता ती धनंजयच्या घरी पोचली. त्याच्या बायकोने, अनुजाने, दार उघडलं आणि आत निघून गेली. धनंजय खिडकीपाशी बसला होता. पुढ्यात तोच कागद.

"किती झालंय?" वैजयंतीने विचारलं.

त्याने मान वर केली नाही. पण कळलं त्याला. "तोंड राहिलंय."

"पडद्याचा फोटो नाही का काढलास?"

"काढला की नुसतं काळं येतं, दुसरा फोन समोर धरला तरी. तूच तर बसवून घेतलंयस ते, चोरांसाठी." तो पेन्सिलीचं टोक अंगठ्याने चाचपत राहिला. "मग म्हटलं, एकेक चौकोन बघायचा आणि उतरवायचा. घड्याळजीला तेवढं जमतं."

"मला सांगायचंस, धनू."

आता त्याने वर बघितलं. "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या घरात त्या दिवशी आणखी एक खोटं मावलं नसतं.

"पुसलं असतं," ती म्हणाली. "चोवीस तासांत."

"मग?"

खरा पेच तर पुढेच होता. पाठवलेला अहवाल परत घेता येत नव्हता. धनंजय निर्दोष आहे हे दाखवायचं तर तो काय बघत होता हे लिहून द्यायला हवं, आणि लिहून दिलं की दुसऱ्या दिवशी काच लख्ख पुसली जाणार. भाऊ वाचला तर आई जाते. आई ठेवली तर भावाच्या नावावर चोराचा शिक्का बसतो, आणि त्या शिक्क्याचा माणूस पुन्हा कुठल्याच संग्रहालयाच्या दारात उभा राहू शकत नव्हता. सात दिवसांच्या मुदतीतले, पुढचा बुधवार धरून, पाच दिवस हातात होते.

घरी परतताना, चालता चालता, ती पुन्हा पुन्हा त्या गणिताकडे वळत होती. गर्दीपासून किती वेगळं. गर्दी जिथे बघत नाही तिथे धनू बघत होता, म्हणून तो चोर. आणि गर्दीच तिथे बघायला लागली तर?

शनिवारी सकाळी तिने पहिला फोन आईच्या धाकट्या बहिणीला, कागलच्या हौसामावशीला लावला.

"मावशी, आईला बघायचंय तुला?"

"मेलेल्या माणसाला कुठं बघायचं, बाई? सकाळी सकाळी काय बोलतीस?"

"मी सांगते तसं फोनवर उघड. तिसरं दालन. उंच घड्याळ. काचेच्या कोपऱ्यात जा, अजून जवळ. आता कडीकडं बघू नकोस, काचेच्या आत बघ."

एकदम रडका आवाज आला. "अगं, पदर दातात धरलाय न्हवं! लहानपणापास्नं खोड तिची. आमची म्हातारी किती मारायची त्यापायी!"

"मावशी, हे कुठं लिहायचं नाही. कोणाला चित्र म्हणून पाठवायचं नाही. फक्त बघायचं, आणि तिला ओळखणाऱ्यांना तोंडी सांगायचं."

"आता हे बी शिकवतीस व्हय? बघू की. रोज बघू."

शकुंतलाबाईंना ओळखणारी माणसं इतकी असतील याची वैजयंतीलाही कल्पना नव्हती. कागलचे नातेवाईक झाले, गल्लीतल्या बायका झाल्या, निवृत्त पहारेकरी झाले, संग्रहालयासमोरचा भडंगवाला झाला. लहानपणी आईचं बोट धरून घड्याळं बघितलेली आणि आता दुबईत, बंगळुरात असलेली पोरं झाली. मंगळवारपर्यंत दोनशे एकोणीस माणसं सतरा नंबरच्या काचेपाशी जाऊन आली. हौसामावशी एकटी त्रेपन्न वेळा गेली. वैजयंती ती यादी बघत बसायची, आणि जन्मात पहिल्यांदा तिला त्या हिरव्या ओळींमागे माणसं दिसत होती.

बुधवारी अहवाल आला. धनंजय विठ्ठल पोतदार, हेतू-अंक चौदा. सतरा नंबरच्या कोपऱ्यावर यंत्राने आपण होऊन शेरा मारला होता, 'प्रेक्षणीय स्थळ'.

तासाभरात विमा कंपनीच्या गद्रेबाईंचा फोन आला. आवाज गोड, पण धार होती.

"पोतदार मॅडम, पाच दिवसांत सव्वादोनशे लोक एका कडीकडे बघतात? असं आहे तरी काय तिथे?"

"आमच्याकडची माणसं घड्याळांची शौकीन आहेत."

"आणि निलंबित माणूस तुमचा भाऊ आहे."

"हो. अहवालही मीच पाठवला होता."

गद्रेबाईंचा सूर बदलला. "एक लक्षात घ्या. आता त्या कडीकडे खरा चोर बघत असला, तरी या गर्दीत आम्हाला तो दिसायचा नाही."

यावर मात्र वैजयंतीने मान डोलावली. बाई खरं बोलत होत्या आणि ती जोखीम आता तिची होती. "म्हणून मी त्या दाराला कालच दुसरं कुलूप घातलंय," ती म्हणाली. "जुन्या पद्धतीचं."

निलंबन उठलं. डॉ. शेवड्यांनी जुडगा स्वतः धनंजयच्या हातात दिला आणि 'प्रेक्षणीय स्थळ' का झालं ते विचारलं नाही. अहवालात त्या आठवड्याच्या दोनशे विसाव्या माणसाचं नाव मात्र शेवडे होतं.

धनंजय कामावर आला, पण तिच्याशी बोलेना. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. दोन गुरुवार असेच गेले. वैजयंतीला वाटलं होतं की अंक खाली आला की सगळं पूर्ववत होईल. पण घरातला विश्वास काही ब्राउझरमधलं चित्र नव्हता, की बोटाने मागे सरकवला आणि आधीच्या जागी आला.

तिसऱ्या गुरुवारी तो आपणहून तिच्या खोलीत आला आणि टेबलावर कागद पसरला. आई पुरी झाली होती. पदर, दातांतलं टोक, कपाळावरची आठी, चावी धरलेली बोटं. फक्त डोळ्यांच्या जागी दोन कोरे चौकोन होते.

"काच जुनी आहे, तिथं लहर आलीय," तो म्हणाला. "डोळे आहेत, पण नजर कुठं आहे ते कळत नाही. कॅमेऱ्याकडं नाही, घड्याळाकडं नाही. महिनाभर बघतोय."

वैजयंतीने कागद हातात घेतला. मग उठली, तिसऱ्या दालनात गेली आणि आतल्या दाराच्या फळीमागे, त्या सांदटीत, अंग चोरून उभी राहिली. धनंजय मागून येऊन सतरा नंबरपाशी थांबला. तिथून कॅमेऱ्याची जागा दिसत नव्हती. घड्याळ जेमतेम दिसत होतं. सरळ समोर, खिडकीच्या गजांतून, व्हरांड्यातला एक खांब तेवढा स्वच्छ दिसत होता.

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते तिने पुसलं नाही.

"काय गं ताई?" धनंजयने विचारलं.

"व्हरांड्याकडे वळव डोळे," ती म्हणाली. "खांबाकडे."

"खात्री आहे तुझी?"

"तिथे मी उभी होते, धनू. तिला बाजूला हो म्हणून ओरडत होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी कॅमेऱ्याकडे."

धनंजयने कागद सतरा नंबरच्या काचेवर टेकवला, खिशातून पेन्सिल काढली आणि डोळे भरायला घेतले.